काटेफूल, सिंह आणि चौकडा : स्कॉटिश टॅटू काढून घेण्याआधी

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, एक थिसल, म्हणजे स्कॉटलंडचं काटेफूल, आहे. वर जांभळा झुपका, खाली काटेरी गोंडा, दोन्ही बाजूंना दातेरी पानं. एडिंबरात नोकरीला होते तेव्हा काढून घेतलं. सुट्टीत घरी आले तर आजीनं माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं, आता हिरवट-निळं पडलेलं. बराच वेळ दोन्ही हात न्याहाळून तिनं विचारलं, "हे कुणाचं गं?"

"कसलं" नाही, "कुणाचं". तिच्या पिढीत गोंदण कुणाचं तरी असायचं. माहेरचं, कुळाचं, देवाचं, नवऱ्याच्या नावाचं. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी तिची श्रद्धा. मग जे सोबत न्यायचं ते कुणाचं हे माहीत नको का?

स्कॉटलंडच्या चिन्हांना हा प्रश्न नेमका लागू पडतो. तिथली काही चिन्हं साऱ्या देशाची आहेत, काही एकट्या राजाची, काही एकेका कुळाच्या प्रमुखाची, तर काही अशा लोकांची की ज्यांची भाषा कधीच लोपली. फोनवर शोधलं की मात्र सगळी एका रांगेत "स्कॉटिश डिझाइन" म्हणून समोर येतात. तिकडे शिकायला गेलेली मुलं, तिथं स्थायिक झालेली जोडपी, नुसतंच फिरून आलेले मित्र असे बरेच जण माझं थिसल बघून मला विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी : आपलं नातं एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि "मला हे हवं आहे, कारण..." हे वाक्य पुरं करा. "तिथं पाच वर्षं राहिले", "लग्न तिथल्या माणसाशी झालं", "वेस्ट हायलंड वे पायी चालून आलो", "ती नक्षी फार आवडते". यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. नक्षी आवडणं हेही खरंच कारण आहे. मात्र त्या कारणावर चिन्ह ठरतं. पाच वर्षं राहिलेल्याला देशाचं फूल शोभतं. नुसत्या नक्षीच्या ओढीनं आलेल्यानं एखाद्या कुळाचं बोधचिन्ह अंगावर घेतलं, तर त्या आडनावाचा माणूस भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

दुसरी पायरी : चिन्ह निवडा, आणि ते कुणाचं ते जाणून घ्या

थिसल. सगळ्यांचं. राष्ट्रीय फूल, आणि माझ्या मते पहिल्या स्कॉटिश टॅटूसाठी याहून चांगली निवड नाही. आपल्या माळरानावर उटकटारी उगवते, तिच्याच विस्तृत कुळातलं हे. कथा अशी सांगतात की नॉर्स हल्लेखोर रात्री अनवाणी चाल करून येत होते, त्यातल्या एकाचा पाय काट्यावर पडला, तो ओरडला आणि झोपलेले स्कॉट सैनिक जागे झाले. ही कथा बहुधा १२६३ च्या लार्ग्सच्या लढाईशी जोडतात. त्या काळातला लेखी पुरावा मात्र नाही, तेव्हा कथा म्हणूनच सांगावी. पक्कं आहे ते हे : तिसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीत, १४७० साली, थिसल चांदीच्या नाण्यावर आलं. पुढे १६८७ साली ऑर्डर ऑफ द थिसल या मानाच्या सरदारमंडळाची नव्यानं स्थापना झाली. त्याचं लॅटिन ब्रीद "नेमो मे इम्पुने लाचेसित", म्हणजे माझ्या वाटेला जाईल त्याची गय नाही. स्कॉट्स बोलीत हेच "व्हा डॉर मेडल वी मी?" असं होतं. फूल दिसायला देखणं, पण कुणी हात घालू नये असं. अवघड काळातून उभं राहिलेल्या माणसाला हा अर्थ जवळचा वाटतो, मलाही त्याच कारणानं वाटला. चित्र काढून घेताना गोंड्याचे काटे नीट काढून घ्या. ते काढले नाहीत तर थिसलचं कमळ होतं, नाहीतर अननस.

सॉल्टायर. हेही सगळ्यांचं. निळ्यावर पांढरी तिरकी फुली, म्हणजे सेंट अँड्र्यूचा क्रूस. तशाच तिरप्या क्रूसावर त्याला मारलं अशी श्रद्धा आहे. दंतकथेप्रमाणे ८३२ साली ईस्ट लोदियनमधल्या अ‍ॅथेलस्टेनफर्डजवळ राजा अँगसला निळ्या आभाळात ढगांची पांढरी फुली दिसली आणि त्यानं लढाई जिंकली. या झेंड्यातली निळाई नेमकी कुठली याबद्दल बरीच वर्षं एकवाक्यता नव्हती. २००३ साली स्कॉटिश संसदेच्या समितीनं पॅन्टोन या रंगांच्या क्रमांकपद्धतीतली ३०० ही छटा सुचवली. टॅटू आर्टिस्टला एवढा आकडा सांगितला की पुरतं. अडचण पांढऱ्या रंगाची आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

लायन रॅम्पंट. राजाचा. पिवळ्यावर मागच्या पायांवर उभा लाल सिंह, जीभ आणि नखं निळी, भोवती लिलीच्या फुलांची दुहेरी चौकट. बाराव्या शतकातल्या पहिल्या विल्यमला "द लायन" म्हणत, परंपरा या सिंहाचं नातं त्याच्याशी लावते. फुटबॉलच्या सामन्यात हा झेंडा हजारोंनी फडकतो, त्यामुळे तो दुसरा राष्ट्रध्वजच आहे असं पुष्कळांना वाटतं. कायद्यानं तो राजाचा ध्वज आहे आणि परवानगीशिवाय इमारतीवर लावता येत नाही. कातडीवर काढला म्हणून कुणी पकडायला येणार नाही. पण चौकटीसकट, ढालीसकट हुबेहूब काढला तर ती राजाची ढाल होते. नुसता सिंह, आपल्या पद्धतीनं काढलेला, हा स्कॉटलंडबद्दलच्या आदराचा सिंह असतो. मी नेहमी हाच पर्याय सुचवते.

युनिकॉर्न. लहान मुलींच्या दप्तरावर दिसतो म्हणून मोठी माणसं याला नाकं मुरडतात, पण हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी आहे आणि जुन्या समजुतीप्रमाणे रानटी, अजिंक्य. त्याच्या गळ्यात मुकुट असतो आणि त्यातून सोन्याची साखळी निघते. ज्याला कुणी काबूत आणू शकत नाही त्याला राजानं आणलं, असा त्याचा अर्थ लावतात. काही जण मुद्दाम तुटलेली साखळी काढून घेतात आणि तेवढ्यानं अर्थ उलटा होतो, म्हणून साखळीचं काय करायचं ते आधी ठरवा. संपूर्ण राजचिन्ह नेटवरून उचलत असाल तर बाजू तपासा. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला, तेव्हापासून सिंह आणि युनिकॉर्न समोरासमोर उभे असतात. स्कॉटलंडमधल्या चिन्हात युनिकॉर्न पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो, बाकी ब्रिटनमध्ये तिथं सिंह असतो. स्कॉटिश म्हणून इंग्लंडमधली मांडणी हातावर घेतलेली मी पाहिली आहे, आणि ती आता बदलता येत नाही.

कुळाचं बोधचिन्ह. प्रमुखाचं. पट्टा आणि बकल यांचं वर्तुळ, आत प्राणी किंवा वस्तू, पट्ट्यावर ब्रीदवाक्य. मॅक्लाउड कुळाचं बैलाचं डोकं आणि "होल्ड फास्ट", म्हणजे घट्ट धरून राहा, हे त्यातलं प्रसिद्ध. आत जे असतं ती कुळप्रमुखाची वैयक्तिक खूण. भोवतीचा पट्टा सांगतो की हे धारण करणारा प्रमुख नाही, त्याचा अनुयायी आहे. म्हणून पट्टा काढून टाकून नुसतं आतलं चित्र घेणं म्हणजे आपण प्रमुख असल्याचं सांगणं. "अमक्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स" म्हणून दुकानात जे विकतात तसलं काही स्कॉटलंडच्या कायद्यात नाही. तिथं आर्म्स आडनावाला मिळत नाहीत, व्यक्तीला मिळतात, आणि त्यांची नोंद व न्यायनिवाडा लॉर्ड लायनचं न्यायालय करतं. सासर त्या कुळातलं असेल तर पट्ट्यासकट घ्या, आणि घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. आपल्याकडे कुलदैवताचा टाक परस्पर कुणी बनवून घेत नाही, तसंच आहे हे.

टार्टन. इथं जरा थांबते, कारण सर्वात जास्त टॅटू याचेच बिघडतात. आपण सरसकट "चौकडा" म्हणतो, पण टार्टन म्हणजे ठरावीक संख्येनं मांडलेले रंगीत धागे. ताण्यात जो क्रम तोच बाण्यात. या क्रमाला सेट म्हणतात. दोन रंग आडवे-उभे गुंतले की तिसरी मिश्र छटा तयार होते, म्हणून चार रंगांच्या टार्टनमध्ये मिश्र छटा धरून दहा रंग दिसतात आणि सहा रंगांच्या टार्टनमध्ये एकवीस. शिवाय कापडाची वीण तिरकी असल्यानं मिश्र चौकोनांत बारीक तिरक्या रेषा दिसतात. हे सगळं कातडीवर उतरवायचं तर निदान तळहाताएवढी जागा हवी. मनगटावर दोन इंचांत बसवलेलं टार्टन पाच वर्षांत टेबलक्लॉथचा डाग दिसायला लागतं. जागा कमी असेल तर पूर्ण कापड न दाखवता एखाद्या थिसलच्या देठाला किंवा हृदयाच्या आकाराला टार्टनची एक पट्टी गुंडाळून घ्या.

कुणाचं हा प्रश्न इथं सुटण्यासारखा आहे, कारण तिथं सरकारी नोंदवही आहे. २००८ च्या कायद्यानं स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स स्थापन झालं आणि २००९ पासून ते ऑनलाइन फुकट पाहता येतं. टार्टनचं नाव टाका, धाग्यांचा क्रम आणि त्याच्या वापरावर काही बंधन आहे का ते बघा. बाल्मोरल टार्टन राजघराण्याचं आहे, ते सोडून द्या. जिल्ह्यांची, शहरांची टार्टन्स तिथं राहिलेल्या कुणालाही शोभतात. एक इतिहासही माहीत असू द्या. जेकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचा, उठाव मोडल्यावर १७४६ च्या कायद्यानं हायलंडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली, ती १७८२ साली उठली. "प्रत्येक कुळाचं एक टार्टन" ही पद्धत बरीचशी त्यानंतरची, १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्या सोहळ्याच्या आसपास रूढ झालेली. बंदी सोसून उरलेलं कापड म्हणून अनेक स्कॉट लोक त्याच्याकडे पाहतात, आणि टॅटूत तो अर्थ आपोआप येतो.

पिक्टिश चिन्हं. ज्यांची होती ते लोक राहिले नाहीत. मला स्वतःला सगळ्यांत ओढ यांची. उत्तर आणि पूर्व स्कॉटलंडमधल्या या लोकांना रोमनांनी "पिक्टी" म्हटलं, म्हणजे रंगवलेले. इसवी सन २९७ मधल्या एका भाषणात हे नाव पहिल्यांदा येतं. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर लिहितो की सुईच्या टोकानं टोचून, तिथल्या वनस्पतीचा रस भरून ते अंगावर आकृत्या काढत. ते वाचताना मला आमच्या जत्रेतली गोंदणारीण आठवली. तीही सुईनं टोचून वर काळा-हिरवा रस चोळायची. मात्र असं गोंदलेलं एकही पिक्टिश शरीर आजवर मिळालेलं नाही. त्यामुळे "अस्सल पिक्टिश टॅटू" म्हणून जे दाखवतात ते प्रत्यक्षात दगडांवरच्या कोरीवकामावरून घेतलेलं असतं. तसंच चेहऱ्याला निळा रंग फासलेला मध्ययुगीन स्कॉट योद्धा : निळ्या रंगाची नोंद ज्युलियस सीझरनं केली ती दक्षिणेकडच्या ब्रिटन लोकांबद्दल, स्कॉट स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेसच्या तेराशेहून अधिक वर्षं आधी.

दगड मात्र खरे आहेत आणि अप्रतिम आहेत. अँगसमधल्या अ‍ॅबरलेम्नो गावी रस्त्याच्या कडेलाच एक उभा आहे. वर वळसे घेणारा साप, मधे दोन चकत्या आणि त्यांना छेदणारी झेड आकाराची काठी, खाली आरसा आणि कंगवा. थंडीत या दगडांवर लाकडी खोकी घालून ठेवतात, म्हणून बघायला उन्हाळ्यात जा. मीगल गावच्या संग्रहालयात असे सव्वीस दगड एका छताखाली आहेत. चंद्रकोर आणि मोडलेला बाण, लांब चोचीचा तो विचित्र पोहणारा प्राणी, सामन मासा, गरुड, बैल अशी ही चिन्हं आहेत. यांचा अर्थ आज कुणालाच वाचता येत नाही. ती बहुधा माणसांची नावं असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा "चंद्रकोर म्हणजे मृत्यू, साप म्हणजे पुनर्जन्म" असले तक्ते कुठे दिसले तर ते कल्पनेतून आलेले आहेत असं समजा. मी सांगते ते एवढंच : दगडांवर ही चिन्हं बहुतेक जोडीनं येतात, तुम्हीही जोडीनंच घ्या, आणि दगडाच्या फोटोवरून काढून घ्या, दुसऱ्याच्या टॅटूवरून नको.

गाठींची नक्षी. स्कॉटलंड आणि आयर्लंड, दोघांची. आयोना बेटावरचा सेंट मार्टिनचा क्रूस आठव्या शतकापासून जागच्या जागी उभा आहे, तो पाहिला की या नक्षीचं मूळ कुठलं ते कळतं. ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना ही नक्षी लगेच समजेल, कारण तीही ठिपक्यांची जाळी मांडूनच काढतात. नियम एकच : रेषा एकदा वरून गेली की पुढच्या ठिकाणी खालून गेली पाहिजे, शेवटपर्यंत. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा कच्चा आराखडा, लावण्याआधी बोट ठेवून पूर्ण रेषा फिरवून बघा. एका ठिकाणी दोनदा वरून गेली असेल तर गाठ चुकली. सुरुवात नाही आणि शेवट नाही म्हणून अखंडता, हा अर्थ रास्त आहे. बाकी प्रत्येक गाठीला चिकटवलेले अर्थ अलीकडचे आहेत.

लकनबूथ. प्रेमाचं. एक किंवा गुंतलेली दोन हृदयं आणि वर मुकुट, अशा घडणीची पिन. एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चला लागून कुलूप लावायची दुकानं होती, त्यांना लकनबूथ म्हणत. तिथले सोनार या पिना विकत, म्हणून हे नाव. वाग्दानाला देत, आणि तीच पिन पुढे बाळाच्या शालीला लावत, दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या काळ्या तिटीसारखी. जोडप्यांनी किंवा नव्या आईनं घ्यावं असं हे चिन्ह आहे, आणि दोन इंचांत सुंदर बसतं.

प्राण्यांत हरिण, झुपकेदार हायलंड गाय, लॉख नेसचा प्राणी हे सगळे मोकळे आहेत, हवे तसे काढून घ्या. केल्पी म्हणजे पाठीवर बसवून पाण्यात ओढून नेणारा घोडा, तोही लोककथेतला, सगळ्यांचा. मात्र फॉल्कर्कजवळची तीस मीटर उंच घोड्यांची डोकी अँडी स्कॉट या शिल्पकाराची कलाकृती आहे. ती जशीच्या तशी गिरवू नका, आपल्या आर्टिस्टकडून स्वतंत्र घोडा काढून घ्या.

आणि दोन चिन्हं अशी, जी आपल्यापर्यंत येऊन पोचतात.

पहिलं कोयरी. इंग्रजीत तिला पेस्ली म्हणतात, ते ग्लासगोजवळच्या पेस्ली गावावरून. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जात, आणि नक्षीला गावाचंच नाव पडलं. म्हणजे आईच्या साडीच्या काठावरची कोयरी स्कॉटलंडच्या नावानं जगभर हिंडून आली. मराठी माणसाला स्कॉटलंडशी जोडणारा टॅटू हवा असेल तर कोयरीच्या पोटात थिसल यापरतं दुसरं चित्र मला सुचत नाही. आर्टिस्टनं मेंदीच्या कोनासारख्या बारीक रेषा वापरल्या तर फार देखणं होतं.

दुसरं हत्ती. हायलंड लाइट इन्फंट्री या जुन्या स्कॉटिश पलटणीच्या बिल्ल्यावर थिसलचा तारा, बिगूल, आणि तळाला हत्ती आहे. शेजारी शब्द आहे "असई". आताच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन तालुक्यातलं हेच गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली, त्यात ७४ व्या हायलंडर पलटणीची (हीच पुढे हायलंड लाइट इन्फंट्रीत सामील झाली) अतोनात हानी झाली आणि त्या शौर्याबद्दल तिला हत्तीचं मानचिन्ह मिळालं. बिल्ला दिसायला फार सुंदर आहे. पण तो हातावर घेणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असावं की त्या हत्तीखाली दोन्ही बाजूंचे लोक पडले आहेत, आणि एक बाजू आपल्याकडची आहे. हे जाणूनही घेणारे आहेत, त्यांचं कारण त्यांना माहीत असतं.

तिसरी पायरी : अक्षरं असतील तर दुप्पट वेळ द्या

आधी भाषा ठरवा. स्कॉटलंडमध्ये गेलिक वेगळी, स्कॉट्स वेगळी, आणि जुने दस्तऐवज लॅटिनमध्ये. स्वातंत्र्याबद्दलचं जे सुप्रसिद्ध वाक्य लोक गोंदवून घेतात ते १३२० च्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्यातलं आहे, आणि तो पोपला पाठवलेला लॅटिन मजकूर आहे. "मूळ भाषेत" म्हणून ते गेलिकमध्ये घेतलंत तर ते भाषांतर होईल.

गेलिकमध्ये मोबाइलचं भाषांतर वापरू नका. माझ्या एका मैत्रिणीनं "स्वातंत्र्य" हा एकच शब्द पाठीवर घेतला. तिला हवा होता स्कॉटिश गेलिक "एस-ए-ओ-आर-एस-ए", आणि आला आयरिश "एस-ए-ओ-आय-आर-एस-ई". दोन भाषा बहिणी आहेत, शब्दही बहिणी आहेत, पण देश वेगळा. दुसरी गोष्ट, मराठीत जसं "घर"चं "घरा" होतं तसं गेलिकमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. "माहर" म्हणजे आई, पण "माझी आई" म्हणताना सुरुवातीच्या एमपुढे एच लागतो आणि उच्चार "वाहर"सारखा होतो. शब्दकोशातला सुटा शब्द उचलून वाक्यात बसवला की चूक झालीच. स्वरावरची तिरकी रेघही महत्त्वाची. स्कॉटिश गेलिकमध्ये ती डावीकडे झुकते, आयरिशमध्ये उजवीकडे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ७० हजार लोकांनी ही भाषा बोलता येत असल्याचं सांगितलं. एवढ्या थोड्या लोकांनी टिकवून धरलेली भाषा चुकीची लिहिली की त्यांना ती लागते. म्हणून निदान दोन गेलिक बोलणाऱ्यांना स्टेन्सिल दाखवा, वेगवेगळं दाखवा, आणि दोघांची उत्तरं जुळली तरच पुढे जा.

मधेच एक सावधगिरीची गोष्ट. लांब दांड्याचा, नक्षीदार दगडी केल्टिक क्रूस निर्धोक आहे. पण सारख्या लांबीच्या चार भुजा आणि भोवती साधं वर्तुळ, असं साधं काळं चिन्ह गोऱ्या वर्चस्ववादी टोळ्या वापरतात. युरोपात राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या माणसानं ते टाळावं. ग्लासगोत हिरवा-पांढरा आणि निळा या रंगांनाही फुटबॉल क्लबांमुळे जुन्या धार्मिक वैराची छटा आहे, रंग निवडताना तिथल्या मित्राला विचारा.

चौथी पायरी : कागदावरून कातडीवर

आजीच्या हाताकडे परत येते. तिचं तुळशीवृंदावन साठेक वर्षांचं. मधली तुळस आता ओळखू येत नाही, कारण रेषा पसरून एकमेकींत मिसळल्या. भोवतीचे सुटे ठिपके मात्र अजून सुटे दिसतात. त्यांच्यामधे जागा होती म्हणून. यातून शिकायचं एवढंच की दोन रेषांमधे मोकळं कातडं सोडा. थिसलचे काटे दहाऐवजी सहा चालतील. गाठीची नक्षी अंगठ्याच्या नखाएवढी नको.

रंगाचं गणित आपल्या कातडीवर वेगळं आहे. शाई वरच्या थराखाली बसते आणि आपला सावळा रंग वरच्या थरात असतो, त्यामुळे प्रत्येक रंग गव्हाळ काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. फिकट जांभळा राखाडी पडतो, पिवळा मातकट होतो, पांढरा जवळजवळ नाहीसा. गडद जांभळा, गडद निळा, तांबडा आणि काळा छान बसतात. म्हणून सॉल्टायरची फुली पांढऱ्या शाईनं भरू नका. निळा गडद भरा आणि फुलीच्या जागी आपलं कातडंच सोडा. शंका असेल तर दोन महिने आधी झाकल्या जागी रंगांचे चार ठिपके टोचून बघा, चांगला आर्टिस्ट याला नाही म्हणत नाही.

जागा ठरवताना हात वाकवून, वळवून बघा. माझ्या थिसलचं स्टेन्सिल पहिल्यांदा कोपराजवळ लावलं होतं. हात दुमडला की देठ घडीत जाई. आर्टिस्टनं एक शब्द न बोलता स्पिरिटनं पुसलं, दोन बोटं खाली सरकवून परत लावलं, मला आरशापुढे उभं केलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा बसलं. हा अर्धा तास मागून घ्या. सरकारी नोकरीचा, विशेषतः सैन्यभरतीचा विचार असेल तर जाहिरातीतला टॅटूचा नियम आधी वाचा. सैन्यात सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो.

पाचवी पायरी : स्टुडिओ आणि तो दिवस

स्कॉटलंडमध्ये काढून घेणार असाल तर स्टुडिओला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, तो भिंतीवर बघा. वय अठरा पूर्ण हवं. आपल्याकडे स्वतःच तपासायचं : सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली पाहिजे, शाई छोट्या कपात वेगळी ओतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, हातमोजे फोनला हात लावल्यावर बदलले पाहिजेत. जत्रेतल्या एकाच सुईचा काळ गेला. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका तिथं खरा आहे. आर्टिस्टचे ताजे फोटो न बघता वर्षभर जुन्या, भरून आलेल्या कामाचे फोटो मागा, आणि तेही आपल्यासारख्या सावळ्या कातडीवरचे.

तुमची जखम फुगून उमटत असेल, म्हणजे केलॉइड होत असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर. त्या दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको. रक्तदान करणाऱ्यांनी तेही आधी उरकून घ्यावं, कारण टॅटूनंतर भारतात बारा महिने आणि ब्रिटनमध्ये चार महिने रक्त देता येत नाही.

सहावी पायरी : भरून येईपर्यंत

आर्टिस्टनं लावलेलं आवरण तो सांगेल तेवढा वेळ ठेवा. नंतर कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण, टिपून कोरडं, वर मलमाचा अगदी पातळ हात. दिवसातून दोनदा. घरचे हळद लावायला सांगतील, खोबरेल सांगतील. मायेनं सांगतात, पण उघड्या जखमेवर दोन्ही नको. खपली निघायला लागली की प्रचंड खाजतं. खाजवू नका, वरून तळव्यानं हलकं थोपटा. थिसलसारख्या भरीव रंगाची खपली ओढली तर तिथला रंग सोबत येतो आणि पांढरा चट्टा राहतो. वरचं कातडं दोन ते चार आठवड्यांत भरतं. तोवर पोहणं नाही, समुद्र नाही, थेट ऊन नाही. पावसाळ्यात ओल्या बाह्या अंगावर वाळू देऊ नका. लाली वाढत गेली, गरम लागलं, पू आला किंवा ताप भरला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

दोन महिन्यांनी उजेडात नीट बघा. कुठे रेष तुटलेली दिसली तर तेव्हा टच-अप करून घ्या. माझ्या थिसलचा एक काटा असाच पुसट राहिला होता. तो भरून घ्यायच्या आधी मी आजीला फोटो पाठवला, तर तिनं फोनवर सांगितलं, त्या डाव्या बाजूचा पण जरा बघायला सांग, तोही फिका आहे.